दिवा विझतो कसा

पसरणी घाटात माझ्या सायकलचा दिवा गेला तो गेलाच. मिणमिणला नाही, पिवळा पडला नाही, दोनदा डोळा मिचकावून इशारासुद्धा दिला नाही. पाचगणीहून वाईकडे उतरत होते, वेग तिशीच्या पुढे, समोर वळण. आणि फळ्यावरचं कुणी एका फटक्यात पुसून टाकावं तसा रस्ता पुसला गेला. दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक बारीक खडीवर सरकलं, पाय टेकला, आणि थांबल्यावर कळलं की मघापासून श्वास कोंडून धरला होता. खाली वाईचे दिवे दिसत होते. धोम धरणाचं पाणी असेल तिथे काळोख जरा जास्त गुळगुळीत होता, एवढंच.

३०० किलोमीटरची ब्रेवे होती ती, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. हिला २० तास, म्हणजे अंधारातले तास गृहीतच धरलेले. पहाटे निघताना आयोजकांनी प्रत्येकाचे पुढचे-मागचे दिवे लावून बघितले. माझा लावल्यावर तपासणाऱ्या मुलाने डोळ्यांवर आडवा हात धरला. खोक्यावर १००० ल्युमेन छापलं होतं आणि त्या आकड्याची मला चांगलीच ऐट होती. दिव्याच्या बटणात बॅटरी दाखवणारा ठिपका असतो, तो घाट उतरायला लागताना हिरवा होता. मधल्या दहा मिनिटांत तो कधी लाल झाला असेल तर असेल. उतारावर कोण बटणाकडे बघत बसतं?

फोनचा टॉर्च तोंडात धरून बघितला. हसू नका, सगळ्यांनी कधी ना कधी हे केलेलं असतं. पाच मीटरपलीकडे काही दिसेना. तेवढ्यात वरून एक उजेड उतरत आला आणि माझ्याजवळ येऊन थांबला. साठीच्या पुढचे एक काका, आमच्याच ब्रेवेतले.

"लाइट गेली? चला, बरोबर उतरू. मागे राहू नका आणि पुढेही जाऊ नका."

मागे राहू नका हे समजलं. पुढे का नको ते दोनशे मीटरांत समजलं. दुसऱ्याचा दिवा पाठीमागून आला की रस्त्यावर आपलीच सावली पडते, आणि खड्डा नेमका त्या सावलीत असतो. म्हणून हँडलला हँडल लावून, जोडीने उतरलो. गाडी आली की ते मागे सरत, मी ब्रेकवर हात ठेवून हळू होई.

त्या उतारात मी पहिल्यांदा दुसऱ्याचा उजेड नीट निरखला. माझा दिवा म्हणजे टॉर्च होता. गोल झोत, मधे पांढराफटक डाग, भोवती वलय, आणि निम्मा उजेड झाडांच्या फांद्यांवर. काकांचा उजेड रस्त्यावर सतरंजी अंथरल्यासारखा पडत होता. जवळ मंद, लांब जरा जास्त, दोन्ही कडांना सारखा पसरलेला. आणि वर एक सरळ रेघ. त्या रेघेच्या वर काही नाही. समोरून येणाऱ्या टेंपोवाल्याने डिप्पर मारला नाही की शिवी दिली नाही, कारण त्याच्या डोळ्यांपर्यंत हा उजेड पोचतच नव्हता. ट्रकच्या मागे 'यूज डिप्पर ॲट नाइट' लिहिलेलं असतं. हा दिवा जन्मापासूनच डिप्परवर होता.

वाईत चहा पिताना विचारलं, किती ल्युमेन? ते म्हणाले, "ल्युमेन माहीत नाही. लक्स विचारा."

ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर त्यातला किती पडतो ते. नळाला पाणी किती आणि आपल्या बादलीत किती, असा हा फरक आहे. खोक्यावर नळ छापतात, आपल्याला हवी असते बादली. त्यातून अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. ताशी ३५ किलोमीटरने उतरताना सायकल सेकंदाला जवळजवळ १० मीटर जाते. डोळ्यांनी खड्डा बघून हाताने ब्रेक दाबेपर्यंत सेकंद-दीड सेकंद सहज जातो, आणि थांबायला पुढे आणखी जागा लागते. म्हणजे पंचवीस-तीस मीटरांवरचं दिसत नसेल तर तो वेग आपला नव्हेच. जर्मनीत रस्त्यावरच्या वाहनांचे नियम सायकलच्या दिव्यालाही लागू आहेत: १० मीटरवर किमान १० लक्स हवेत, वरचा उजेड कापलेला हवा, आणि दिवा लुकलुकता चालत नाही. काकांचा दिवा तिकडचा होता.

आणि त्याला बॅटरी नव्हती. डायनामो पुढच्या चाकाच्या मधोमध, हबमध्ये होता. ते पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस करून आले होते. १८९१मध्ये पहिल्यांदा झालेली, आता चार वर्षांनी एकदा होणारी १२०० किलोमीटरची ती ब्रेवे ९० तासांत करायची असते. तीन-चार रात्री चार्जिंग शोधत कोण फिरणार? चाक फिरतंय तोवर दिवा आहे, आणि थांबलं तरी आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर थोडा वेळ टिकतो. मला तिथल्या तिथे हवासा वाटला. मग किंमत ऐकली, आणि त्या हबभोवती चाक नव्याने आरे घालून विणून घ्यावं लागतं तेही ऐकलं. दुसरा चहा सांगितला.

घरी आल्यावर हे सगळं अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७८. सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, आणि सगळी सायकलवर. कसब्यातून निघायचं, नव्या पुलावरून शिवाजीनगर, तिथून खडकी. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा निघायचा, आणि रात्रपाळीला जाताना-येताना प्रत्येकाच्या टायरला घासणाऱ्या डायनामोची घरघर एकत्र यायची. त्यांच्या सांगण्यानुसार आधी डोळ्यांना नाही, कानांना कळायचं की कारखाना सुटला. बिनदिव्याच्या सायकलला तेव्हा पोलीस धरायचे. मग चौक आला की लोक उतरून सायकल हातात धरून चालायचे, आणि चौक ओलांडला की पुन्हा टांग मारायचे. हातात धरलेल्या सायकलला दिवा लागत नाही, हा युक्तिवाद पुण्यात न सुचला तरच नवल.

"पण आमचा दिवा असा दगा द्यायचा नाही," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणजे द्यायचा. पण सांगून."

हबातल्या डायनामोचं कौतुक त्यांना फारसं वाटलं नाही. ६ व्होल्ट, ३ वॅट, आमचाही तेवढाच होता, म्हणाले. त्यातले २.४ पुढच्या बल्बला, ०.६ मागच्याला. आणि एकदा पुढचा बल्ब गेला की पाठोपाठ मागचाही उडायचा. लहानपणी मला हे नवरा-बायकोच्या प्रेमासारखं काहीतरी वाटायचं. अण्णांनी त्या दिवशी कागदावर काढून दाखवलं: डायनामो ठरावीक करंट ढकलत राहतो, मोठा बल्ब नसला की सगळा भार त्या बारक्या बल्बवर येतो आणि तो बिचारा जळतो. उतारावर वेग वाढला की दिवे पांढरे व्हायचे आणि तेही कधीकधी फुकट जायचे. पावसात डायनामोची मुंडी ओल्या टायरवर घसरायची. दोष ढीगभर. पण प्रत्येक दोष कानाला, पायाला, डोळ्याला आधी कळायचा. टॉर्चचे सेलही तसेच. उतरत आले की उजेड पिवळा, मग नारिंगी, मग निखाऱ्यासारखा. आजारी माणसासारखे हळूहळू जायचे.

लिथियमचं तसं नाही. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, रिकामा होईपर्यंत बराच काळ साडेतीनच्या वर टिकून राहतो, आणि दिव्यातलं सर्किट त्यातून शेवटपर्यंत एकसारखा उजेड काढत असतं. सेल अगदी तळाला गेला तर कायमचा बिघडतो, म्हणून तीनच्या आसपास संरक्षक सर्किट सरळ पुरवठा तोडतं. सेल वाचतो. घाटात आपण असलो तर ते आपलं आपण बघायचं. चांगला दिवा बनवणारा इथे थोडी माणुसकी दाखवतो: शेवटची थोडी बॅटरी राखून ठेवतो आणि दिवा आपोआप मंद करतो. घरी जाता येईल इतपत. माझ्या हजारीत ती माणुसकी नव्हती.

पुढच्या रविवारी अण्णांनी तपासणी मांडली. तीन दिवे: माझा हजारी, ऑफिसातल्या एकाने दिलेला 'पाच हजार ल्युमेन'चा ऑनलाइन घेतलेला, आणि मी ऑफिसला जायला वापरते तो ४०० ल्युमेनचा, ज्याच्याकडे मी तोवर गरीब नातेवाइकासारखी बघत होते. तिन्ही पूर्ण चार्ज केले. पाठीमागच्या खोलीच्या खिडक्यांना चादरी लावल्या. दिव्यांसमोर टेबलफॅन ठेवला. तो कशाला? तर सायकलवर वारा लागतो आणि दिवा थंड राहतो. बंद खोलीत तो तापतो आणि तापला की स्वतःच उजेड कमी करतो. म्हणजे फॅनशिवाय केलेली तपासणी दिव्यावर अन्याय. कारखान्यातला माणूस. दर पंधरा मिनिटांनी आत जायचे, बघायचे, आणि बाहेर येऊन गेल्या महिन्याच्या कालनिर्णयच्या मागे पेन्सिलीने वेळ लिहायचे. आईने दोनदा विचारलं की जेवायचं आहे का.

हजारी चौथ्या मिनिटालाच उतरला. फॅन असून. उरलेला उजेड चांगलाच होता, पण हजार तो नव्हे. मग तसाच चालत राहिला आणि १ तास ३८ मिनिटांनी, अण्णांच्या शब्दांत, "हार्टफेल". घाटाचा हिशेब तिथे लागला. मी वाईतून चढताना अंधार पडल्यापासून तो पूर्ण उजेडावर लावला होता. ताशी नऊ-दहा किलोमीटरने चढणाऱ्या बाईला पूर्ण उजेड कशाला हवा होता, हे मला कुणी विचारू नये.

पाच हजारी ५० मिनिटांत निखाऱ्यावर आला. त्याचा सेल बाहेर निघत होता. १८६५० म्हणतात तो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, म्हणून ते नाव. वर ९९०० एमएएच छापलेलं, म्हणजे आत किती वीज मावते त्याचा आकडा. अण्णांनी तो आईच्या किचनमधल्या वजनकाट्यावर ठेवला: ३१ ग्रॅम. खरा सेल ४५च्या आसपास भरतो, आणि त्या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३५०० एमएएच मावतात. आत काय आहे ते बघायला फोडायचा का, असा एक क्षण अण्णांच्या चेहऱ्यावर येऊन गेला. दारूगोळा कारखान्यातच नोकरी केलेली असल्यामुळे त्यांनी तो फोडला नाही. तुम्हीही फोडू नका.

माझा गरीब नातेवाईक २ तास १० मिनिटं एकसारखा चालला, मग एकदम मंद झाला, बटण लाल झालं, आणि त्या मंद उजेडावर आणखी पाऊण तास राहिला. अण्णांनी त्याच्या नावापुढे पेन्सिलीने गोल काढला.

खोक्यावरचे तास कसे मोजतात हे मी नंतर वाचून त्यांना सांगितलं. टॉर्चसाठी एक अमेरिकन मानक आहे, सायकलचे बरेच दिवे तेच वापरतात. त्यात उजेड मोजायचा तो दिवा लावल्यापासून पहिल्या ३० सेकंदांनंतर, दोन मिनिटांच्या आत. आणि 'चालण्याचा वेळ' म्हणजे तो उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे रुपयातले दहा पैसे उरेपर्यंत खिसा भरलेलाच?"

तेव्हापासून दिवा घेण्याआधी मी एकच गोष्ट शोधते: त्याचा शेवट कसा आहे. वेळेनुसार उजेड कसा उतरतो याचा आलेख काही कंपन्या स्वतः देतात, काहींचा तपासून बघणारे लोक काढतात. आलेख नसेल तर घरी एक रविवार आणि टेबलफॅन. आणि ब्रेवेला पुढे दोन दिवे, वेगवेगळ्या दिवशी घेतलेले. एकाच दिवशी घेतलेले, एकदमच चार्ज केलेले दोन दिवे एकदमच जाण्याची दाट शक्यता असते.

ऑफिसची गोष्ट निराळी. नळ स्टॉपपासून शिवाजीनगरपर्यंत रस्त्यावर दिव्यांची कमी नाही. खड्डा पालिकेच्या उजेडात दिसतो. तिथे माझा दिवा मी दिसावं म्हणून. आणि दिसणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट सतत चालूच असतो. चांगली गोष्ट आहे, पण संध्याकाळी साडेसातला सगळा रस्ताच दिव्यांचा, त्यात सायकलचा एक ठिपका समईजवळच्या उदबत्तीच्या टोकासारखा. त्यात राँग साइडने फोनवर बोलत येणारी स्कूटर. तिच्यासाठी मी पुढचा दिवा मध्यम, स्थिर आणि जरा खाली झुकलेला ठेवते. भिंतीसमोर सायकल उभी करून बघायचं: झोताचा मधला भाग दिव्याच्या उंचीच्या खालीच पडला पाहिजे. लुकलुकता ठेवला तर लक्ष जातं हे खरं, पण आपण किती लांब आहोत हे समोरच्याला कळत नाही. अण्णा त्याला काजवा म्हणतात. दुपारी, ढगाळ हवेत काजवा चालतो. अंधारात नको.

पावसाचं थोडक्यात सांगते. ओला डांबरी रस्ता उजेड आपल्याकडे परत पाठवत नाही, आरशासारखा पुढे ढकलून देतो. त्यामुळे दिवा बिघडल्यासारखा वाटतो, समोरच्यांचे मात्र दुप्पट डोळ्यांत येतात. उपाय एकच, हळू जा. दिवा किती पाणी सोसतो ते आयपीएक्सच्या आकड्याने सांगतात: ४ म्हणजे शिंतोडे सोसणारा, ६ म्हणजे जोराची धार सोसणारा, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तगणारा. पण ७वाला धारेतही टिकतोच असं नाही, त्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. आणि हे सगळं चार्जिंगच्या भोकावरचं रबराचं झाकण नीट दाबलेलं असेल तर. माझे दोन दिवे त्या झाकणापायीच गेले. बांधायचा रबरी पट्टाही उन्हाने चिरतो. अण्णांनी जुन्या ट्यूबची पट्टी कापून दिली आहे, तिला तीन वर्षं झाली.

आता मागचा. पुढचा दिवा विझला तर लगेच कळतं, मागचा विझला तर कळतच नाही. तो आपल्यासाठी नसतोच. गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट, कर्वे रोडला सिग्नलला उभी होते. शेजारी रिक्षा.

"ताई, मागची लाइट लावा की."

"लावलीय."

"कुठंय?"

उतरून बघितलं. दिवा चालू होता, छान लाल होता. सीटखालच्या दांडीला होता आणि त्याच्यासमोर कॅरिअरवर माझी डब्याची पिशवी होती. नवी पिशवी जूनमध्ये घेतली होती. म्हणजे पावसाळाभर, रोज संध्याकाळी, मी अत्यंत जबाबदारीने चार्ज केलेला दिवा पोळीभाजीच्या रिकाम्या डब्यावर पाडत होते. रिक्षावाल्याला मी थँक्यू म्हटलं, तोवर सिग्नल सुटला होता.

आता मागे दोन आहेत. एक कॅरिअरच्या अगदी टोकाला, स्थिर. दुसरा उजव्या बाजूला, मागच्या चाकाच्या दांडीवर. पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर, जे मी मोठ्या तोऱ्यात काढून टाकले होते, ते परत बसवले. वर-खाली हलणारं पिवळं काही दिसलं की माणूस सायकल चालवतोय हे लांबून ओळखू येतं. निघण्याआधी पिशवी लावून, जॅकेट घालून, लेकाला मागे उभं करते. तो मोबाइलमधून डोकं वर न काढता "दिसतोय" म्हणतो. त्यामुळे ती तपासणी फारशी धरण्यासारखी नाही.

खरी तपासणी गुरुवारी होते. गुरुवारी ऑफिसातून कसब्यात जाते, अण्णांकडे जेवते आणि नऊला निघते. ते गॅलरीत येऊन उभे राहतात. मी वळून बघत नाही, बघितलं तर ओरडतात, पुढे बघ म्हणून. गल्ली सरळ आहे, टोकाला पिंपळ, तिथून मी डावीकडे वळते. घरी पोचून हेल्मेट काढेपर्यंत फोन वाजतो.

परवा म्हणाले, "टोकाचा पिंपळापर्यंत दिसला. बाजूचा देवळापाशीच गेला. चार्ज केला नाहीस ना?"